वाढत्या अंगाचा हिशेब

मुलाचे कपडे शिवायला टाकतांना आपल्याकडील आया शिंप्याला एक सूचना न चुकतां देत असत : ‘वाढत्या अंगाचे शिवा.’ सदऱ्याची बाही बोटभर लांब, विजारीच्या पायाला आंतून दोन बोटें दुमड, आणि खांदे किंचित् सैल. असा सदरा घालून मूल पहिल्या दिवशीं शाळेंत गेलें म्हणजे तें थोडें विचित्र दिसे. पण सदरा फसला असें कोणी म्हणत नसे. तो आजच्या मापाचा नव्हता, कारण ज्या अंगावर तो चढावयाचा तें अंगच आजच्या मापाचें राहणार नव्हतें. मोठ्या माणसाचा सदरा तितकाच सैल झाला असता, तर तो मात्र शिंप्याकडे परत गेला असता.

कपड्यांच्या बाबतींत जें शहाणपण आपण दाखवितों, तें मुलाच्या शरीराचा विचार करतांना विसरतों. तान्ह्या मुलाचें वर्णन आपण बहुधा नकारांनीं करतों : त्याला दांत नाहींत, त्याची मान धरत नाहीं, त्याला बोलतां येत नाहीं. वैद्यकाचीं पुस्तकेंहि पुष्कळ काळ याच रीतीनें लिहिलीं गेलीं. तान्ह्याचें यकृत अपक्व, त्याचें आंतडें अपक्व, त्याचें मूत्रपिंड अपक्व. म्हणजे मोठ्या माणसाचें शरीर हा पुरा ग्रंथ, आणि तान्ह्याचें शरीर हें त्याचें अर्धवट छापलेलें पहिलें प्रकरण. या समजुतीला धक्का देणारी एक लहानशी गोष्ट गेल्या वर्षीं माझ्या वाचनांत आली. ती सल्फेट नांवाच्या एका क्षाराची, आणि जन्मानंतर मूत्रपिंड त्याचा सांभाळ कसा करूं लागतें याची आहे. विषयाचें नांव रुक्ष आहे खरें. परंतु तेवढ्यावरून वाचकांनीं पान उलटूं नये, अशी माझी विनंति आहे.

गंधक म्हटला कीं आपल्याला दिवाळीचे फटाके, खरजेवरचें मलम, किंवा गरम पाण्याच्या कुंडांजवळचा उग्र दर्प आठवतो. हाच गंधक प्राणवायूच्या चार अणूंशीं संयोग पावला म्हणजे सल्फेट होतें, आणि त्या रूपांत तो आपल्या घरांदारांत ओळखीच्या माणसासारखा वावरत असतो. दाढी झाल्यावर गालावरून फिरविण्याची तुरटी, शेतकऱ्याचा मोरचूद, जुन्या शाईंतला हिराकस, हे सारे सल्फेटाचेच प्रकार. मनुष्याच्या रक्तांतहि तें सदैव विरघळलेलें असतें. क्लोराइड, बायकार्बोनेट आणि फॉस्फेट यांच्या खालोखाल ऋणभारित क्षारकणांत त्याचाच क्रमांक लागतो. प्रमाण मात्र अगदीं थोडें. मोठ्या माणसाच्या एक लिटर रक्तरसांत सुमारें ०.३ मिलिमोल, म्हणजे वजनानें जेमतेम २९ मिलिग्रॅम.

एवढ्याशा वस्तूवर शरीराचीं किती कामें अडलेलीं असतात ! लांब हाडांच्या टोकांशीं जी कूर्चा असते, आणि जिच्यामुळें मुलाची उंची वाढते, त्या कूर्चेंतलें मुख्य द्रव्य कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हें होय. त्याच्या लांबलचक सांखळीवर जागोजागीं सल्फेट टांचलेलें असतें, आणि त्या ऋणभारामुळें कूर्चा पाणी धरून ठेवते व दाब सोसते. इ. स. १९९४ मध्यें फिनलंडमधील संशोधकांनीं एका आनुवंशिक विकाराचें मूळ शोधून काढलें. त्या विकारांत हातपाय आंखूड राहतात आणि सांधे वांकडे होतात. दोष कोठें निघाला, तर पेशींत सल्फेट आंत घेणाऱ्या एका प्रथिनांत. मेंदूच्या जडणघडणींत, कित्येक संप्रेरकांची धार बोथट करून त्यांना सांठवून ठेवण्यांत, आणि औषधें शरीराबाहेर काढण्यांतहि याच क्षाराचा हात असतो. तें येतें मुख्यतः अन्नांतल्या प्रथिनांतून. मेथिओनिन आणि सिस्टीन हीं गंधकयुक्त अमिनो-आम्लें जळलीं म्हणजे शेवटीं त्यांचें सल्फेट होतें. डाळींत मेथिओनिन कमी आणि धान्यांत त्या मानानें बरें. तेव्हां आपला वरणभात या बाबतींतहि एकमेकांची उणीव भरून काढणारा संसार आहे.

आतां मूत्रपिंडाकडे वळूं. शहाणी गृहिणी सणाच्या आधीं घर आवरतांना निवडून निवडून नको तें बाहेर काढते. मूत्रपिंडाची रीत याच्या अगदीं उलट. तें प्रथम जवळजवळ सगळेंच बाहेर काढतें, आणि मग हवें तें परत आंत घेतें. प्रत्येक मूत्रपिंडांत सरासरीनें दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशीं सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, हीच गाळणी, आणि तिच्यापुढें एक नागमोडी नलिका. मोठ्या माणसाच्या या गाळण्यांतून दिवसाला सुमारें १८० लिटर द्रव गळतो. त्यांतला दीडदोन लिटरच लघवी म्हणून बाहेर जातो. बाकीचा नलिकेच्या भिंतींतून परत रक्तांत येतो. सल्फेटहि असेंच गाळलें जातें, आणि त्यांतला मोठा भाग नलिकेच्या पहिल्याच टप्प्यांत परत घेतला जातो.

ही परत घेण्याची किमया दोन दारांची आहे. पहिलें दार नलिकेच्या पोकळीकडच्या बाजूस. तें सोडियमच्या तीन कणांबरोबर सल्फेटाचा एक कण पेशींत ओढून घेतें. झुरिच येथील हाइनी मुरर यांच्या प्रयोगशाळेंत डॅनियल मार्कोविच व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९३ मध्यें उंदराच्या मूत्रपिंडांतून त्याचा शोध लावला. बेडकाच्या अंड्यांत तें दार बसवून त्यांनीं त्याचें काम दाखविलें. दुसरें दार पेशीच्या रक्ताकडच्या बाजूस. तें १९९४ मध्यें प्रथम यकृतांत सांपडलें. एकास एनएएस-१ आणि दुसऱ्यास सॅट-१ अशीं नांवें आहेत. पहिलें दार किती महत्त्वाचें, हें २००३ सालीं कळलें. तें मुळांतूनच काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हां त्यांचें सल्फेट लघवीवाटे वाहून गेलें, रक्तांतलें प्रमाण खालीं आलें, त्यांची वाढ खुंटली, आणि त्यांच्यांत फेफऱ्याचे झटके दिसले. या दारांची संख्या ठरीव नसते. अन्नांत गंधक कमी पडला म्हणजे तीं वाढतात, आणि सुकाळ झाला म्हणजे कमी होतात. म्हणजे मूत्रपिंड ही नुसती गाळणी नव्हे; घरची आवक पाहून खर्च ठरविणारी ती एक हिशेबी गृहिणी आहे.

हा हिशेब मुलाच्या बाबतींत जन्माच्या पुष्कळ आधींपासून सुरू होतो, आणि प्रथम तो आईच ठेवते. गर्भाला स्वतःचें सल्फेट तयार करण्याची शक्ति फारच थोडी. म्हणून गरोदरपणांत आईचें मूत्रपिंड सल्फेट अधिक घट्ट धरून ठेवतें, आणि तिच्या रक्तांतलें त्याचें प्रमाण जवळजवळ दुपटीला पोंचतें. वारेंतलीं खास दारें तें नाळेंतून आंत पोंचवितात. गर्भाच्या स्वतःच्या मूत्रपिंडांत या वेळीं दारें थोडीं असतात, आणि तीं थोडीं असलीं तरी बिघडत नाहीं. माहेरीं असलेल्या मुलीनें किल्ल्या कमरेला कशाला लावाव्या? मग एके दिवशीं नाळ कापली जाते, आणि आवक एका क्षणांत थांबते. त्या घटकेपासून बाळाला आपला हिशेब आपणच पाहावा लागतो.

हें सारें मीं वाचूं लागलों त्याचें कारण आतां सांगितलें पाहिजे. गेल्या वर्षीं श्रावणांत माझी नात जन्मली, ती पूर्ण दिवस न भरतां, तिसाव्या आठवड्यांत. त्याच महिन्यांत माझ्या रक्ताची तपासणी झाली, आणि मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग ४२ निघाला. निरोगी प्रौढ माणसाचा तो १०० ते १२० असतो; अंगाच्या आकाराचा फरक वजा करून हे आंकडे एका मापांत बसविलेले असतात. मला अळणी जेवण आणि दोन गोळ्या मिळाल्या. नात कांचेच्या पेटींत होती. तेथील परिचारिका तिचा ओला लंगोट दर वेळीं छोट्या तराजूवर ठेवी आणि कोरड्याचें वजन वजा करून वहींत लिही. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. इतक्या काळजीनें कोणाच्या लघवीचा जमाखर्च लिहिलेला मीं पूर्वीं पाहिला नव्हता. मीं तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना विचारलें, हिचें मूत्रपिंड कसें आहे ? त्या म्हणाल्या, “आजोबा, आंकडा विचाराल तर तुमच्यापेक्षां खालीं असेल. पण तुमचा आंकडा आम्हांला राखायचा आहे, आणि तिचा आपण होऊन वर जाणार आहे.”

पुढें पुस्तकांतून मला कळलें कीं पूर्ण दिवसांच्या बाळाचा वेगहि जन्मतः २० च्या आसपासच असतो. दोन आठवड्यांत तो दुप्पट होतो आणि सुमारें दोन वर्षांत प्रौढाच्या बरोबरीला येतो. माझ्या रक्ताच्या कागदावर २० हा आंकडा आला असता तर घरांत रडारड झाली असती. बारशाच्या घरांत तोच आंकडा असतो, आणि तेथें पेढे वांटतात.

तान्ह्याच्या मूत्रपिंडाच्या उणिवा खोट्या आहेत असें मात्र कोणी समजूं नये. लघवी दाट करण्याची त्याची शक्ति मोठ्या माणसाच्या निम्म्याइतकीच. बायकार्बोनेट त्याच्या हातून लवकर निसटतें, आणि कांहीं अमिनो-आम्लेंहि गळून जातात. पण याच ‘अपक्व’ अवयवाचें सल्फेटाशीं वागणें पाहिलें म्हणजे नवल वाटतें. कोल आणि स्क्रायव्हर या कॅनडांतील संशोधकांनीं १९८० सालीं मुलांच्या आणि किशोरांच्या रक्तांतलें सल्फेट वयानुसार कसें बदलतें हें प्रसिद्ध केलें. तान्ह्यांत तें सर्वांत अधिक, आणि वय वाढेल तसें तें प्रौढाच्या पातळीला उतरतें. प्राण्यांवरील प्रयोगांतहि वाढत्या वयाचें मूत्रपिंड गाळलेल्या सल्फेटाचा अधिक वांटा परत घेतांना आढळलें. फॉस्फेटाचीहि हीच कथा. हाडांना लागणारें फॉस्फेट आणि कूर्चेला लागणारें सल्फेट, या दोहोंच्या बाबतींत तान्हें मूल प्रौढापेक्षां अधिक काटकसरी असतें. त्याला ही शिस्त लावणारे अधिकारीहि वाढीचेच : वृद्धिसंप्रेरक, थायरॉइडचा स्राव आणि ड जीवनसत्त्व. हीं तिन्ही मूत्रपिंडाकडून सल्फेट अधिक राखवितात. जें लगेच बांधकामाला लागणार आहे तें हातचें जाऊं द्यावयाचें नाहीं, असा हा नियम दिसतो.

सांठविलेल्या या धनाचा उपयोग केवळ उंची वाढविण्यापुरता नाहीं. बाळाला ताप आला म्हणजे घरोघर पॅरासिटॅमॉलचे थेंब दिले जातात. मोठ्या माणसाचें यकृत हें औषध बहुतांशीं ग्लुक्युरॉनिक आम्लाशीं जोडून बाहेर टाकतें. नवजात बालकाला ती विद्या पुरती आलेली नसते; तें औषधाला सल्फेटाची सोबत देऊन निरोप देतें. १९७६ सालच्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं तीन ते नऊ वर्षांच्या मुलांतहि सल्फेटाची वाट प्रमुख असते, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास ती मागें पडून प्रौढांची वाट रूढ होते. याला काय म्हणावें ? प्रौढ मार्गाचा अभाव म्हणावा, तर बालकाचा स्वतःचा मार्ग चांगला वाहता आहे. झाडावरच्या कैरीला आपण अपुरा आंबा म्हणत नाहीं. तिला तिचें नांव आहे, तिचा हंगाम आहे, आणि लोणच्याच्या दिवसांत पिकल्या आंब्याला कोणी विचारीतहि नाहीं.

खरी अडचण येते ती माझ्या नातीसारख्या मुलांची. त्यांची नाळ वेळेआधीं तुटते. गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आईकडून मिळावयाचा पुरवठा त्यांना मिळत नाहीं. त्यांच्या यकृताला सल्फेट घडवितां येत नाहीं, आणि मूत्रपिंडांतलीं दारें अजून पुरतीं बसलेलीं नसतात. नव्या नेफ्रॉनांची घडणहि साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत चालू असते. तिसाव्या आठवड्यांतलें बाळ म्हणजे गवंडी आंत काम करीत असतांनाच राहावयास आलेलें बिऱ्हाड. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँडमध्यें सल्फेटावर पुष्कळ काम झालें आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या रक्तांतलें सल्फेट जन्मानंतर आठवड्याभरांतच खालीं येतें, असें तेथील संशोधकांना आढळलें. मेंदू जेव्हां वेगानें वाढत असतो, नेमके तेच हे दिवस.

या ठिकाणीं एक योगायोग आहे. माझ्या मुलीला प्रसूतीपूर्वीं शिरेंतून जें औषध दिलें तें मॅग्नेशियम सल्फेट होतें; एप्सम सॉल्ट या नांवानें आपल्या वडीलधाऱ्यांना जुलाबासाठीं ठाऊक असलेलेंच तें मीठ. मुदतीपूर्वीं प्रसूति होणार असेल तर आईला तें दिल्यानें बाळाच्या मेंदूला होणारी इजा कमी होते. सेरेब्रल पाल्सी हा हातापायांचें बळ हिरावणारा विकार त्यामुळें कमी मुलांत उद्भवतो, हें अमेरिकेंत २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणींत दिसून आलें. त्याचें श्रेय आजवर मॅग्नेशियमला दिलें गेलें. त्याच्या जोडीला आलेल्या सल्फेटाचाहि त्यांत वांटा असेल काय, हा प्रश्न आतां संशोधकांनीं पुढें मांडला आहे. लग्नांत नवऱ्यामुलाकडे सगळ्यांचे डोळे असावेत आणि शिदोरी घेऊन आलेल्या पाठराखिणीकडे कोणी पाहूं नये, तसें कदाचित् या क्षाराचें झालें असेल.

बालकांच्या मूत्रपिंडाचा अभ्यास करणारे मॅकॅन्स आणि विड्डोसन हे केंब्रिजचे शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या मध्याला होऊन गेले. त्यांच्या कामांतून पुढें आलेली एक कल्पना बालवैद्यकांत प्रसिद्ध आहे : वाढ हें बालकाचें तिसरें मूत्रपिंड होय. दुधांतून येणारें प्रथिन आणि क्षार बाळ आपल्या अंगांत बांधून टाकतें. बाहेर टाकावयास फारसें कांहीं उरतच नाहीं. म्हणून तें छोटें मूत्रपिंड पुरतें. पण यांतच धोक्याची सूचनाहि आहे. बाळ आजारी पडलें, त्याची वाढ थांबली, कीं हें तिसरें मूत्रपिंड बंद पडतें, आणि सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो. गाईच्या दुधांत आईच्या दुधापेक्षां प्रथिन जवळजवळ तिप्पट. म्हणून पहिल्या वर्षांत तें बाळाचें मुख्य अन्न करूं नये असें डॉक्टर सांगतात, त्याच्या अनेक कारणांपैकीं हें एक. बाळाचें शरीर स्थिर राहण्यासाठीं रचलेलें नाहीं. तें चालत असेल तरच तोल संभाळणाऱ्या सायकलीसारखें आहे.

मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या माणसाच्या रक्तांतहि सल्फेट वाढतें. कागदावर त्याचा आंकडा आणि तान्ह्याचा आंकडा शेजारीं ठेवले तर दोन्ही प्रौढांच्या मापाच्या वर दिसतील. एकाच्या घरीं तो न खपलेला माल असतो. दुसऱ्याच्या घरीं ती लग्नकार्यासाठीं भरलेली कोठी असते. कांहीं अंशीं कारणहि एकच, कीं गाळणी लहान आहे. पण मुलाच्या शरीरांत त्या लहानपणाला दारांच्या तत्परतेची आणि हाडांच्या भुकेची जोड मिळते, आणि जी माझ्यासारख्याची अडचण ती त्याची सोय होते. आंकडा कोणत्या वयाचा, आणि कोणत्या दिशेला निघालेला, हें विचारल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाहीं. आपण मुलांच्या अभ्यासाचे, वजनाचे, उंचीचे, बोलण्याचे आंकडे घेऊन शेजारच्या मुलाशीं ताडून पाहत असतों, तेव्हां हें ध्यानांत ठेवावयास हरकत नाहीं.

माझी नात आतां सव्वा वर्षाची आहे. तिचें वजन अजून सारख्या वयाच्या मुलांच्या मागें आहे, पण ती भिंत धरून चालते. माझा आंकडा यंदा ३९ झाला. मधल्या कोणत्या तरी दिवशीं तिचा वर चढणारा आंकडा माझ्या खालीं उतरणाऱ्या आंकड्याला ओलांडून पुढें गेला असला पाहिजे. तो दिवस कोणता, हें घरांत कोणालाच कळलें नाहीं. त्या दिवशीं तिला नेहमीप्रमाणें दूध पाजलें गेलें असेल, आणि मीं माझी सकाळची गोळी घेतली असेल.